हातभर वास

आमच्या घरात पहिलं डिफ्यूजर, म्हणजे वास सोडणारं यंत्र, आलं, त्याला सात रंगांचे दिवे होते. आणि ज्याच्यासाठी आणलं त्याला दिसत नव्हतं. आता सांगताना माझं मलाच हसू येतं, पण त्या दिवशी नवरा हसला तेव्हा संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलले नव्हते. माझा स्वभावच तसा. शाळेत पोरं मला वचकून असतात, घरी नवरा. फक्त बा नाही.

बा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे बापाला 'तू' म्हणतात. शाळेच्या मराठीत लिहायला बसलं की हात अडखळतो खरा, पण 'ते आले, ते बसले' असं लिहिलं तर तो माझा बा राहणारच नाही. तेव्हा बाला 'तो'च म्हणते.

गावी, साखरशेतला, भात आणि नाचणी करण्यात त्याचा जन्म गेला. आई गेल्यावर तो एकटाच राहायचा. काचबिंदूने डोळे हळूहळू गेले आणि आमच्या ते ध्यानात यायला फार उशीर झाला, कारण तो कुणाला सांगेल तर शपथ. नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली अंधुक तेवढी औषधाने टिकवायची. भाऊ भिवंडीला गोदामात कामाला, एका खोलीत त्याची चार माणसं. मग श्रावणात बा ओट्यावरून पडला आणि मी त्याला जव्हारला माझ्या घरी घेऊन आले.

तो आला तो मुदत घालूनच. "कापणीपर्यंत राहातो. तोवर जमलं तं जमलं. नाय तं माला साखरशेतला नेऊन सोड." कपड्यांची पिशवी त्याने खुंटीला टांगली. कपाटात एक कप्पा रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. रोज पिशवीतून सदरा काढायचा, धुतलेला घडी करून परत पिशवीत ठेवायचा. बोलताना कायम 'तुमचं घर'. तुमच्या घरात पाणी बरं येतं, तुमच्या घरात पंखा लय आवाज करतो. पाहुणा कसा बोलेल, तसं.

आता आमचं घर. बांधलं तेव्हा मला फार अभिमान होता. गुळगुळीत फरशी, पांढऱ्या भिंती, एका बोळात एका रांगेत तीन दारं: न्हाणीघर, संडास आणि आमची झोपायची खोली. तिन्ही दारं एकाच सुताराची, एका मापाची, एका रंगाची. बाची खाट बोळाच्या तोंडाशी, पुढच्या खोलीत. साखरशेतच्या घरात बाला डोळ्यांची गरजच नव्हती. चुलीकडे धूर, गोठ्याकडे शेण, कणगीकडे भाताचा भुसा, मागच्या दाराला ओल. आमच्या घरात सगळीकडे फिनेल. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त म्हणत होते, "बा, हाक मार ना, मी येते."

तो हाक मारायचा नाही. लेकीच्या हाताला धरून संडासला जायचं, आणि तेही जावई समोर बसलेला असताना? एक दिवस मी शाळेतून आले तर आमच्या खोलीचं दार सताड उघडं. बा पलंगाच्या कडेला उभा, पायाशी फरशी ओली. दार चुकला होता. मी फडकं आणलं. तो ओलं धोतर मुठीत धरून उभा राहिला. माझ्या आयुष्यात बाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत जाऊन मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःवरच चिडले.

त्यानंतर त्याने पाणी कमी केलं. प्यायलाच नाही तर जावं लागणार नाही, असा साधा हिशोब. सकाळी भरून ठेवलेला तांब्या दुपारी तसाच. ओठ सुकलेले, तोंडाने मात्र "तहानच नाय लागत". नवऱ्याने आपल्या परीने तोड काढली. हे मोखाड्याला ऑफिसात कारकून आहेत, प्रत्येक गोष्टीला यांच्याकडे सोपी तोड असते. म्हणाले, "मामांच्या खाटेपासून संडासापर्यंत दोरी बांधू. दोरीला धरून जातील."

बाने ऐकलं. "दोरी बैलाला बांधतात, जावई," एवढंच म्हणाला. दोरीचा विषय तिथेच संपला.

नाशिकला तपासणीला गेलो तेव्हा मात्र एक गंमत झाली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर टेबलावर एक पांढरं, घागरीसारखं यंत्र होतं. त्याच्या तोंडातून वाफेची बारीक धार वर जात होती. बाने नाक वर केलं. "इथं कोणीतरी गवती चहा उकळतंय." मी म्हटलं, नाही बा, यंत्र आहे. मग तपासण्या, पैसे, औषधं असं तळमजल्यापर्यंत फिरून आम्ही परत वर आलो. जिन्याच्या तोंडाशी मी कागद शोधत थांबले, तर हा पुढे. एकटा. सरळ बोळातून, चार दारं सोडून, बरोबर त्याच दाराशी जाऊन उभा. "हीच ना ती खोली?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथल्या पोरीला विचारून यंत्राचं नाव लिहून घेतलं आणि जव्हारच्या गाडीत बसल्याबसल्या मोबाइलवर शोधायला लागले. काय काय प्रकार असतात, बाई! एकात पाणी घालायचं, वर तेलाचे चार थेंब टाकायचे आणि आतली चकती थरथरून त्याचं धुकं करते. एकात खाली मेणबत्ती लावून तेल तापवायचं. एकात पाणीच नाही, नुसतं तेल फवारतं. एक तर नुसती बाटली, तिच्यात काड्या खोचलेल्या, काड्याच तेल शोषून वर आणतात. मी शिक्षिका आहे, कसं चालतं ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. धुकं थंड असतं की गरम? मेणबत्तीवर तेल पेटत नाही का? खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय सगळे वाचले. कुणाला झोप लागते, कुणाचं मन शांत होतं. 'आंधळ्या माणसाला दार सापडतं का' हे मात्र कुणीच लिहिलं नव्हतं.

आग घरात नको म्हणून मेणबत्तीवालं बाद. फरशीवर तेल सांडलं तर बा घसरेल म्हणून काड्यांची बाटली बाद. राहिलं ते पाण्याचं. त्यातही मी सगळ्यात दांडगं निवडलं. अख्ख्या हॉलला पुरेल असं त्यावर लिहिलं होतं. जास्त वास तेवढं चांगलं, असं माझं गणित. शाळेच्या पत्त्यावर पार्सल आलं, तेव्हा पोरांसमोरच उघडलं आणि चालू करून दाखवलं. धुक्यात हात घालून बघितला तर गार. चौथीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या घरात पावसाळ्यात असंच येतं, फुकट." खरंच होतं तिचं.

घरी संडासाच्या दाराशी स्टुलावर यंत्र ठेवलं, गवती चहाचं तेल घातलं. बा खाटेवरून उठला, नाक पुढे करून बोळात शिरला आणि पहिल्याच फटक्यात बरोबर दार उघडलं. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. दिवे सात रंगांत बदलत होते, नवऱ्याचं हसणं तेव्हाच झालं.

पण तासाभरात वास बोळभर झाला, दोन तासांत घरभर. संध्याकाळी बा बोळात मधोमध उभा राहून तोंड इकडे फिरवी, तिकडे फिरवी. शेवटी स्वयंपाकघरात आला. "सगळीकडनंच येतोय," म्हणाला. "तुमचं सगळं घरच दवाखाना झालंय." मी दिवसाआड लावून बघितलं, थेंब कमी करून बघितलं, खिडक्या उघडून बघितल्या. खिडक्या उघडल्या की वास शेजाऱ्यांकडे जाई. वीज गेली की यंत्र बंद, आणि आमच्याकडे वीज काय सांगून जाते?

मग आला तो रविवार. मी कपडे वाळत घालत होते. यंत्रातलं पाणी संपलं की ते टुंग टुंग आवाज करतं. बाला वाटलं, तेल संपलं. लेकीला कशाला त्रास, म्हणून त्याने पिशवीतून आपली बाटली काढली आणि चाचपून यंत्राचं झाकण उघडून त्यात ओतली. मोहट्याचं तेल. मोहाच्या बियांचं, घाण्यावर काढलेलं, तो गुडघ्यांना चोळतो ते. तेल ते तेल! आमच्या माणसाला तेल म्हणजे हेच; थेंबभर तेल वासाला घालतात आणि बाकी पाणी असतं, हे त्याला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. मी आत आले तेव्हा यंत्र घरघरत होतं, तोंडाशी चिकट फेस, आणि मग एकदम गप्प झालं. सोडा घालून धुतलं, ऊन दाखवलं, पण चकती बसली ती बसलीच.

आणि मी बाला बोलले. वाईट बोलले. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? विचारता येत नाही?" चार घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. वर्गात सुद्धा मी इतकी ओरडत नाही. तो खाटेवर जाऊन बसला. बाटलीचं बूच लावून तिला पिशवीत परत ठेवलं. रात्री जेवताना त्याने जावयाला विचारलं, "खोडाळ्याकडं कापण्या लागल्या का?" हे म्हणाले, लवकर पिकणारं हळवं भात कापायला लागलेत. बाने मान हलवली. मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

माझी शाळा मोखाड्याच्या पुढे, खोडाळ्याच्या वाटेवर. रोज जीपने जाणं-येणं. मी नेहमी मागे बसते, त्या दिवशी पुढे जागा मिळाली. समोरच्या आरशाला एक छोटी काचेची बाटली दोऱ्याने टांगलेली, वर लाकडाचं बूच. वळणावर बाटली हेलकावली की बूच आतल्या तेलाने भिजायचं आणि मोगऱ्याचा वास यायचा. इतकी वर्षं याच जीपने जाते, मला हा वास कधी आलाच नव्हता. का नाही आला? मी मागे वळून बायांना विचारलं, "तुम्हाला मोगरा येतोय का?" त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "नाय बाई, डिझेल येतंय."

ड्रायव्हर घाबरला. "मॅडम, डोकं दुखतंय का? काढून टाकू?"

"काढू नका. थांबवा जरा."

पुढच्या थांब्यावर मी उतरून मागे जाऊन बसले. काही नाही. परत पुढे आले. मोगरा. मान थोडी मागे घेतली, गेला. पुढे केली, आला. जीपभर बाया हसत होत्या आणि मला मात्र नाचावंसं वाटत होतं. मी उलटं गणित केलं होतं. घरभर पोचणारा वास मला नकोच होता. हातभर पोचून थांबणारा हवा होता. यंत्र जितकं चांगलं, तितकं आमच्या कामाला वाईट. लाज वाटली, आणि त्याहून जास्त मजा वाटली. चारशे अभिप्राय वाचून जे कळलं नाही, ते एका डिझेलच्या जीपमध्ये कळलं.

जव्हारला स्टँडजवळ गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून तशा चार बाटल्या आणल्या. तीन हव्या होत्या, एक फुटली तर असू दे म्हणून. त्यातलं आधीचं सेंट ओतून टाकलं, बाटल्या धुतल्या, बुचं आठवडाभर उन्हात ठेवली. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात गवती चहाचं, निलगिरीचं आणि लवंगेचं तेल मिळालं. यंत्राबरोबर लव्हेंडरची एक कुपी फुकट आली होती, तीही काढली. आणि या वेळी शहाणपणा केला. बाच्या पुढ्यात सगळं मांडून म्हटलं, "बा, तूच ठरव."

तो असा रमला की काय सांगू. एकेक कुपी नाकाशी धरी, लांब नेई, परत जवळ आणी. लव्हेंडरवर अडला. "हा कोणाचा?"

"एका झाडाचा. फुलं असतात म्हणे, जांभळी."

"तू बघितलंस ते झाड?"

"नाही."

"मग मी कसा वळखू? ज्याचं झाड माहीत नाय, त्याचा वास ध्यानात राहात नाय." लव्हेंडर बाद झालं. इतकं सरळ कारण मला एकाही जाहिरातीत सापडलं नव्हतं. मग त्याने वाटणी केली. गवती चहा संडासाला, कारण ते दार त्याला सगळ्यात जास्त लागतं आणि तो वास त्याला नाशिकपासून पाठ. निलगिरी न्हाणीघराला, सर्दीला पाण्यात घालतात, म्हणजे पाण्याची खोली. लवंग आमच्या खोलीला. "लवंग आली की मागं फिरायचं," म्हणाला. तो एवढंच म्हणाला, पण त्या पलंगाजवळच्या दिवसाबद्दल आम्ही दोघं बोललो असं ते एकदाच.

आणि स्वतःच्या खोलीला? "माला काय वास द्यायचा, मी आतच असतो."

त्याला बोळात उभा करून नाकाच्या उंचीला चौकटीवर पेन्सिलने खूण केली. खिळे ठोकले, बाटल्या टांगल्या. बूच रोज एकदा उलटं करून भिजवायचं, की दिवसभर पुरतं. नवऱ्याच्या कपाळाला पहिल्या दिवशी दोनदा बाटली लागली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा म्हणाले, "मला दिसतं, तरी लागते. मामांना दिसत नाही, त्यांना लागत नाही." बा खाटेवर हसला. घरात आल्यापासून तो जावयासमोर पहिल्यांदा हसला.

मी लपून बघायची. तो उठायचा, भिंतीला हातही न लावता चालायचा. निलगिरीशी किंचित थांबायचा, तोंड न वळवता पुढे, मग गवती चहा, मग कडीवर हात. बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला दिसतंय. मला वाटतं त्याला तेच हवं होतं. दोरी सगळ्यांना दिसते, वास कुणाला दिसत नाही. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर तांब्या रिकामा. मी भरून ठेवला, तो रात्रीपर्यंत पुन्हा रिकामा झाला. मी देवापुढे साखर ठेवली, कुणाला सांगितलं नाही.

पण मुदत मुदत असते. दिवाळी झाली, साखरशेतहून निरोप आला की कापणी उरकली, भात खळ्यावर आलं. बाने ऐकून घेतलं. दोन दिवस गेले. मी विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळेल.

तिसऱ्या दिवशी, सकाळी, चहा झाल्यावर म्हणाला, "बाय, माझी पिशवी काढ."

मी खुंटीवरून पिशवी काढली. जड होती. मनात म्हटलं, तुझ्याच तोंडाने घालवलंस त्याला, त्या रविवारी. पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आत हात घालून सदरे बाजूला सारले, बाटली बाजूला सारली आणि तळातून टोपी काढली. झटकून डोक्यावर घातली.

"कुठं निघालास?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"कोपऱ्यापर्यंत जातो. तिथं पानाच्या टपरीवर माणसं बसतात, बोलताना ऐकू येतात माला. रोज ऐकतोच हाय, जरा बसावं." मग काठी हातात घेऊन थांबला. "ती चौथी बाटली हाय ना शिल्लक? ती बाहेरच्या दाराला बांध."

"कशाचं तेल घालू?"

"कशाचंबी. शेजारच्या दाराला नसंल असं. घर सापडाया पायजे ना परत येताना."

बाहेर वाऱ्यावर असला वास टिकत नाही, हे मला एव्हाना चांगलं ठाऊक झालं होतं. तरी मी स्टूल आणायला आत गेले.